स्पर्शाचं उत्तर

हॉलंडमधल्या आइंडहोव्हन शहरात फिलिप्स कंपनीने 1966 साली इव्होलुऑन नावाचं विज्ञानप्रदर्शन उभारलं. उडत्या तबकडीच्या आकाराच्या त्या इमारतीत 1970 ते 1974 या काळात एक यांत्रिक प्राणी मुक्कामाला होता. त्याचं नाव सेन्स्टर. पोलंडमध्ये जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले शिल्पकार एडवर्ड इह्नातोविच यांनी तो घडवला होता. सुमारे 15 फूट लांब, 8 फूट उंच, पोलादी नळ्यांचा नुसता सांगाडा. अंगावर कातडं नाही, चेहरा नाही, डोळे नाहीत. सांधे लॉबस्टरच्या नांगीवरून बेतलेले, हालचाल तेलाच्या दाबावर चालणारी. डोक्याच्या जागी चार मायक्रोफोन आणि दोन लहान रडार, आणि या सगळ्याला हुकूम सोडणारा एक संगणक.

कोणी हलक्या आवाजात बोललं, की सेन्स्टरची मान आवाजाच्या दिशेने वळायची आणि डोकं हळूहळू त्या माणसाजवळ यायचं. समोरचा माणूस सावकाश हलला, तर तेही त्याच्या मागोमाग फिरायचं. पण कोणी ओरडलं, एकदम हातवारे केले, की सेन्स्टर झटकन मान मागं घेई आणि लांब सरे. त्याला जवळ बोलवायचं, तर माणसाला आधी स्वतःचा आवाज खाली आणावा लागे, हात आवरावे लागत. बघ्यांना त्यात कुतूहल दिसे, भिडस्तपणा दिसे, कधी रुसवाही दिसे. प्रत्यक्षात आत चालणारे नियम अगदी थोडे आणि साधे होते. दालनात घुमणारे आवाज आणि गर्दीचं सतत बदलणारं वागणं यांच्याशी ते नियम भिडत, आणि त्यातून प्राण्याला मन असल्याचा भास उभा राही. इह्नातोविच यांनी हे स्वतःच नोंदवून ठेवलं आहे.

आज आपल्याला पाहून हसणाऱ्या, हात लावला की अंग घुसळणाऱ्या, नावाने हाक मारणाऱ्या डिजिटल पात्रांची रेलचेल आहे. पडद्यावरची आहेत, भिंतीवर प्रकाशाने रंगवलेली आहेत, लोकर पांघरलेलीही आहेत. त्यांच्याविषयी बोलताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे खरं जिवंत आहे का? सेन्स्टरचा विचार करताना मला दुसरा एक प्रश्न जास्त मोलाचा वाटू लागला. या पात्राच्या सहवासात माणसाचा हात काय शिकतो? ज्या प्राण्याला डोळेसुद्धा नव्हते, त्याने परक्या माणसांना हळू बोलायला लावलं. कृत्रिम जिवाची योग्यता ठरवायची, तर मी ती इथे ठरवीन.

नुसत्या हालचालीने जिवंतपणाचा भास पुरता होत नाही, हे आपल्या जुन्या कथाकारांनी ओळखलं होतं. सोमदेवाच्या कथासरित्सागरात राजपुत्र नरवाहनदत्त समुद्रकाठच्या एका नगरात पोहोचतो. रस्त्यांवर व्यापारी आहेत, बायका आहेत, नागरिक आहेत, सगळ्यांची ये-जा चालू आहे. पण कोणी बोलत नाही, आणि त्यावरूनच त्याला कळतं की ही सगळी लाकडी यंत्रं आहेत. राज्यधर नावाच्या एका सुताराने ते अख्खं नगर घडवलेलं असतं. माणसांनी भरलेल्या बाजारात शिरावं आणि कोणी आपल्याकडे वळूनही पाहू नये, हा एकटेपणा अकराव्या शतकातल्या त्या कथेत अचूक उतरला आहे. राज्यधराच्या बाहुल्या कौशल्यात कुठेच उण्या नव्हत्या. त्यांच्या जगात नरवाहनदत्ताला जागा नव्हती, इतकंच. सेन्स्टरचं नेमकं उलट. त्याच्याकडे रूप नव्हतं, पण समोर कोणी आल्याची दखल तो घेत होता.

ही दखल जेव्हा अंगाला जाणवते, तेव्हा तिला स्पर्शाची धार येते, मग प्रत्यक्ष स्पर्श झालेला नसला तरी. याचा शोध 1970 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लागला, आणि तोही दुसरंच काम चालू असताना. मायरन क्रूगर हे संगणकतज्ज्ञ त्या वेळी एका कलादालनात प्रयोग करत होते. दालन आणि संगणककेंद्र यांत सुमारे मैलभर अंतर. दोन्हीकडे कॅमेरे, आणि दोन्हीकडची चित्रं एकाच पडद्यावर मिसळलेली. क्रूगर आणि त्यांचा सहकारी आपापल्या जागी बसून एका बिघाडाची चर्चा करत होते आणि पडद्यावरच्या आलेखाकडे बोट दाखवत होते. बोलता बोलता एकाच्या हाताचं चित्र दुसऱ्याच्या हाताच्या चित्रावर आलं, आणि त्या दुसऱ्याने आपला हात बाजूला घेतला. मैलभर लांब असलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून! कातडीला काहीही लागलेलं नव्हतं, पण भीड जागी झाली होती. पडद्यावरची आपली सावली म्हणजे आपणच, हे त्या हाताने मनाच्याही आधी मान्य करून टाकलं होतं.

क्रूगर यांनी पुढे व्हिडिओप्लेस नावाचा प्रयोग वर्षानुवर्षं वाढवत नेला. त्यात क्रिटर नावाचं एक चिमुकलं पात्र होतं. माणूस पडद्यासमोर उभा राहिला, की कॅमेरा त्याची छायाकृती पडद्यावर आणी. मग क्रिटर त्या आकृतीच्या मागे लागे, अंगावरून चढत चढत डोक्यापर्यंत पोहोचे आणि तिथे आनंदाने नाचे. कोणी हात पुढे केला तर हातावर येई, बोटाला लोंबकळे. हातात यंत्र धरावं लागत नसे, डोळ्यांवर चष्मा चढवावा लागत नसे. नुसतं असणं पुरेसं होतं. खांद्यावर चढणाऱ्या त्या ठिपक्याएवढ्या जिवाला पाडू नये म्हणून माणूस खांदा स्थिर ठेवतो, तेव्हा त्या दोघांमध्ये काहीतरी सुरू झालेलं असतं. त्याला मैत्री म्हणणं घाईचं होईल. पण ते शून्यही नाही.

या टोकाला आपली नाजूक भावना असते. दुसऱ्या टोकाला काय असतं, हे मात्र डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. फोनच्या काचेखाली विद्युतक्षेत्राची बारीक जाळी पसरलेली असते. बोट जवळ आलं की आपलं शरीर त्या क्षेत्रातला किंचित भार स्वतःकडे ओढतं, आणि तो कुठे किती कमी झाला याचं मोजमाप होतं. पडद्यावरच्या मांजरीला आपण कुरवाळतो, तेव्हा काचेला मिळतात ते दोन आकडे: आडवं अंतर आणि उभं अंतर. आपल्या कातडीचं काम वेगळ्या रीतीने चालतं. लव असलेल्या त्वचेत, म्हणजे दंडावर, पाठीवर, सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर अशा संथ वेगाने कोणी हात फिरवला, तर ते सर्वांत जास्त जागे होतात. हात फार भरभर फिरला किंवा एकाच जागी थांबला, तर त्यांचा प्रतिसाद उतरतो. काय टोचलं, किती गरम आहे, ही वार्ता पोचवणारे तंतू निराळे. हे तंतू आपला निरोप सावकाश, सेकंदाला साधारण मीटरभर वेगाने मेंदूकडे नेतात, आणि तो निरोप असतो मायेचा. कुरवाळण्यासाठी शरीराने स्वतंत्र वाट राखून ठेवली आहे. ज्याला आपण कुरवाळतो त्या काचेजवळ तशी कोणतीच वाट नसते. मायेची जी काही शिल्लक त्या व्यवहारात दिसते, ती सगळी आपल्या खात्यातली आहे.

मग ही फसवणूक आहे का? ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी 2002 साली एका निबंधात यांत्रिक कुत्र्यांविषयी हाच आक्षेप घेतला. म्हाताऱ्या माणसाला यंत्राच्या मायेचा आधार द्यायचा, तर त्याने आधी स्वतःची समजूत चुकीची करून घ्यावी लागते, आणि अशी चूक घडवून आणणं नीतीला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप वजनदार आहे. पण आपल्याकडे या प्रश्नावर हजारेक वर्षांपूर्वीच एक बारीक विचार झालेला आहे. शंकुक या काश्मिरी आचार्याने रंगमंचावरच्या रामाविषयी बोलताना चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. चित्र पाहून आपण म्हणतो, हा घोडा. हे ज्ञान खरं म्हणता येत नाही, कारण घोडा तिथे नाही. खोटंही म्हणता येत नाही, कारण आपण फसलेलो नाही. तो संशय नाही आणि नुसतं साम्यही नाही. या चारही प्रकारांहून ते वेगळं आहे. चित्रतुरगन्याय या नावाने हा विचार काव्यशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे.

डिजिटल पात्रांसमोर उभ्या राहणाऱ्या बहुतेक माणसांची अवस्था मला अशीच वाटते. क्रिटर हा प्रकाशाचा ठिपका आहे हे ठाऊक असूनच खांदा स्थिर ठेवला जातो. फसवणुकीचा आरोप इथवर गळून पडतो. मात्र शंकुकाच्या घोड्याने कधी आपल्याकडे मान वळवली नव्हती. प्रेक्षक उठून गेला म्हणून तो खिंकाळला नव्हता. चित्र आपल्याकडे काही मागत नाही, म्हणून रसिक निर्धास्त असतो. मान वळवणारा घोडा मात्र आपल्याला पात्रांत ओढतो. आपण आता प्रेक्षकांत बसलेलो नसतो. आणि नाटकात उतरलेल्या माणसाला रसिकाची मोकळीक मिळत नाही. त्याच्या हातून जे घडतं, त्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

ही जबाबदारी कलावंतांनी किती सुंदर रीतीने हाती दिली आहे, त्याचं मला आवडणारं उदाहरण 1994 सालचं आहे. ख्रिस्ता सोमरर आणि लोरां मिन्योनो या जोडीची ए-व्हॉल्व्ह ही कलाकृती म्हणजे खऱ्या पाण्याने भरलेला काचेचा हौद. शेजारच्या स्पर्शपडद्यावर पाहुण्याने बोटाने एक आकार काढायचा, बाजूने दिसणारा आणि वरून दिसणारा. काही क्षणांत त्या रेषांचा एक जीव बनतो आणि हौदात पोहू लागतो. आकार कसा निघाला यावर त्याचं पोहणं ठरतं, आणि पोहण्यावर त्याचं जगणं. कारण हौदात दुसऱ्यांनी काढलेले जीवही असतात, त्यांतले काही शिकारी. पाण्यात हात घातला की जवळचा जीव थबकतो. हाताच्या आडोशाने दुबळ्याला शिकाऱ्यापासून वाचवता येतं, दोघांना एकमेकांजवळ आणता येतं, त्यांना पिल्लंही होतात. इथे बोट ओलं होतं. आणि ज्याला वाचवायचं, तो बहुधा शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने काढलेला असतो. त्या वर्षी आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवात या कृतीला परस्परसंवादी कलेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. माझ्या लेखी तिचा मोठेपणा असा, की तिथे स्पर्शाला परिणाम आहे. हात काढून घेतला, तर कोणीतरी मरतं.

आपल्या शहरांतल्या मॉलमध्ये जमिनीवर प्रकाशाचं तळं सोडलेलं असतं. मुलं त्यात शिरतात, मासे पळतात, पाण्यावर तरंग उठतात. पहिली काही पावलं मूल जपून टाकतं, पायाखाली मासा येऊ नये म्हणून चवड्यांवर चालतं. मासे प्रत्येक वेळी तसेच परत येतात, एकही दुखावत नाही, एकही कायमचा निघून जात नाही. हे मुलाच्या ध्यानात यायला वेळ लागत नाही, आणि मग ते दोन्ही पायांनी त्यांच्यावर उड्या मारू लागतं. मुलाचा यात काही दोष नाही. तळ्याने जे शिकवलं, ते मूल शिकलं. पहिल्या पावलांतली ती काळजी मुलाने स्वतःबरोबर आणली होती. तळ्याजवळ तिला द्यायला उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं, तर मुलं किती विचारात पडतात हे फर्बी या खेळण्याने दाखवलं. 1998 साली बाजारात आलेलं हे लोकरी, मोठ्या डोळ्यांचं खेळणं उलटं धरलं, की आपल्याला भीती वाटते असं बोलून दाखवतं. एमआयटीत शिकलेल्या फ्रीडम बेअर्ड यांनी यावरून एक कसोटी सुचवली. बार्बी बाहुली, जर्बिल हा उंदरासारखा जिवंत पाळीव प्राणी आणि फर्बी यांना मुलांनी उलटं धरायचं आणि नकोसं वाटेल तेव्हा सरळ करायचं. बाहुलीला मुलं हात दुखेपर्यंत उलटी धरतात. जर्बिलला लगेच सरळ करतात. फर्बी या दोघांच्या मध्ये कुठेतरी येतो. ते खेळणं आहे हे मुलांना पक्कं माहीत असतं, तरी त्याची तक्रार ऐकत राहणं त्यांना सोसत नाही. शंकुकाने सांगितलेल्या अवस्थेत ती मुलं उभी असतात, फक्त या वेळी चित्रातला घोडा दुखलं म्हणून सांगत असतो. त्याला सरळ करणारं मूल कोणावर उपकार करत नाही, पण स्वतःचं मन राबतं ठेवतं.

दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत वावरणाऱ्या पारो या यांत्रिक प्राण्याबद्दलही याच दृष्टीने विचार करावा लागतो. जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी 1993 पासून पारोवर काम सुरू केलं. मांजर आणि कुत्रा आधी करून पाहिले होते. पण घरी खरं मांजर पाळलेल्या माणसाला यंत्राचं मांजर लगेच उणं वाटतं. म्हणून त्यांनी सीलचं पिल्लू निवडलं, ज्याला कुशीत घेतल्याचा अनुभव कोणाच्याच गाठीशी नसतो. पावणेतीन किलोच्या आसपास वजन, पांढरी मऊ लोकर, आत स्पर्श, उजेड, आवाज, तापमान आणि अंगाचा कल ओळखणारी यंत्रणा. पारोने काही केल्यावर त्याला कुरवाळलं, तर ते तो पुन्हा करतो. मारलं तर टाळतो. 2009 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. स्मृतिभ्रंशाने ज्यांचं बोलणं हरवत चाललं आहे, अशी माणसं त्याला मांडीवर घेऊन शांत होतात, कधी त्याच्याशी बोलू लागतात. हे मी कमी लेखणार नाही. कोणाच्या अंगावरून हात फिरवण्याची गरज म्हातारपणी संपत नाही, फक्त ती भागवणारं माणूस जवळ उरत नाही. पारो मांडीवर असताना परिचारिका शेजारी बसून त्याच्याविषयी दोन शब्द बोलली, तर तो दोन माणसांना जवळ आणतो. त्याला मांडीवर ठेवून ती निघून गेली, तर तोच पारो तिच्या जाण्याची सोय होतो. यंत्र दोन्ही वेळा एकच. फरक माणसांच्या वागण्यात आहे, आणि त्याचं उत्तर माणसांनीच द्यायचं आहे.

माझी खरी चिंता पुढची आहे. व्यापाराला सेन्स्टरचा भिडस्तपणा परवडत नाही. जे पात्र थकत नाही, कंटाळत नाही, कोणत्याही वेळी कोणत्याही स्पर्शाला हसूनच उत्तर देतं, ते जास्त वेळ चालू राहतं. आणि चालू राहण्यातच त्याच्या धन्याचं हित असतं. अशा पात्राबरोबर वाढणारं मूल एक गोष्ट नकळत शिकेल: समोरच्याला मर्यादा नसते. स्पर्श करण्याआधी थांबावं, चेहरा पाहावा, नको असेल तर हात मागं घ्यावा, ही शिकवण घरातलं मांजर ओरखडा काढून देतं, धाकटी बहीण रडून देते. ज्याला नकार देताच येत नाही, त्याच्या होकारातून हाताला काहीही कळत नाही.

मर्यादेचा दुसरा अर्थ म्हणजे शेवट. सोनीने 1999 साली आयबो नावाचा यांत्रिक कुत्रा विकायला आणला, 2006 मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं, 2014 मध्ये दुरुस्तीही बंद केली. जुन्या मालकांनी मग जपानच्या चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात आपल्या आयबोंचे अंत्यविधी केले. 2018 मध्ये तिथे एकाच वेळी 114 कुत्रे ओळीने मांडून मंत्र म्हटले गेले, आणि नंतर त्यांचे भाग दुसऱ्या आयबोंच्या दुरुस्तीसाठी दिले गेले. महाराष्ट्रातल्या माणसाला हा विधी परका वाटू नये. पेणच्या कारखान्यातून डोळ्यांची आखणी होऊन आलेली मूर्ती घरी येते, चतुर्थीला तिच्यात प्राणप्रतिष्ठा होते, दीड, पाच किंवा दहा दिवस तिच्याशी घरच्या माणसासारखं वागलं जातं. मग उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून ती जागेवरून किंचित हलवली जाते, आणि प्राण गेल्याचं सगळ्या घराला कळतं. प्राण आपण घातला हे घराला माहीत असतं. तो किती दिवसांसाठी आहे हे आधीच ठरलेलं असतं. निरोप देणंही घरच्यांच्याच हातात असतं. एवढ्या जाणतेपणाने मातीशी नातं जोडणाऱ्या समाजाला विजेवर चालणाऱ्या पात्रांशीही तसंच जोडता येईल.

पण तसं घडत नाही, कारण निरोपाची वेळ दुसऱ्याच्या ताब्यात असते. सिंथिया ब्रेझील यांच्या कंपनीचा जिबो हा घरगुती यंत्रमानव 2017 मध्ये लोकांकडे पोहोचला. डोक्यावरून हात फिरवला की तो ओळखत असे. कंपनी लवकरच बुडाली, आणि 2019 मध्ये त्याने स्वतःच घरोघर सांगितलं की आपल्याला चालवणारे सर्व्हर आता बंद होणार आहेत. लहान मुलांसाठी बनवलेल्या मॉक्सी या यंत्रमित्रावर 2024 च्या डिसेंबरमध्ये हीच पाळी आली. मुलांना हे कसं सांगावं, हा प्रश्न आईबापांसमोर अचानक येऊन पडला. प्राणप्रतिष्ठा घरात झाली होती, विसर्जन हिशेबाच्या वहीत झालं.

ही पात्रं आता अधिक चांगली बोलतील, त्यांची कातडी अधिक मऊ होईल, आणि ती पाळण्याजवळ आणि आजारी माणसाच्या उशाशी पोहोचतील. त्यांना अडवण्याचं मला काही कारण दिसत नाही. त्यांच्याबाबत दोन गोष्टींचा आग्रह मात्र धरायला हवा. उद्दाम स्पर्शापासून मागं सरणं त्यांना यावं, निदान त्यांच्यापैकी जी मुलांच्या हातात जातात त्यांना तरी. आणि त्यांचा शेवट कधी आणि कसा होईल हे विकत घेतानाच कळावं, म्हणजे निरोप घरच्यांना स्वतः देता येईल. यांतल्या पहिल्या गोष्टीसाठी लागणारं तंत्र 1970 साली चार मायक्रोफोन आणि दोन रडार यांच्या बळावर सिद्ध झालेलं आहे. दुसरीला तंत्राचीही गरज नाही. करारात दोन ओळी वाढवण्याची तयारी पुरते. शाळांनी, रुग्णालयांनी, आईबापांनी खरेदीच्या वेळी या दोन प्रश्नांची उत्तरं मागायला सुरुवात केली, तर बनवणाऱ्यांना ती द्यावी लागतील.